शिळे होणारे ज्ञान

एकदा परीक्षा पास झाली, दारावर पाटी लागली, की शिकणे संपले, अशी एक समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. डॉक्टरांविषयी तर आपण ती पक्कीच धरून बसतो. पण वाचकहो, ज्ञानही शिळे होते. आणि वैद्यकातले शिळे ज्ञान शेवटी रोग्याच्या अंगावर येते. मी इतिहासाचा अध्यापक, डॉक्टर नव्हे. तेव्हा औषधपाणी सांगण्याचा अधिकार माझा नाही. परंतु एम. आर. आय. या तपासणीच्या इतिहासात एक प्रकरण असे आहे, की ते डॉक्टरांइतकेच तुम्हीआम्हीही ऐकून ठेवावे.

हे शास्त्र तसे तरुणच म्हणायचे. चुंबकाच्या प्रभावाखाली असलेले अणुगर्भ रेडिओलहरींना प्रतिसाद देतात, हे ब्लॉख आणि पर्सेल यांनी १९४६ साली स्वतंत्रपणे दाखवून दिले. त्यावरून चित्र कसे काढता येईल, हे लॉटरबर यांनी १९७३ मध्ये सिद्ध केले. पुढे १९८८ साली अमेरिकेत या तपासणीसाठी गॅडोलिनियमयुक्त औषधाला परवानगी मिळाली. गॅडोलिनियम हा धातू आहे. मोकळा असला तर विषारी. म्हणून तो दुसऱ्या रेणूत घट्ट बांधून शिरेतून देतात. तो जिथे पोचतो, तो भाग चित्रात उजळून दिसतो. निरोगी मूत्रपिंडे त्यातला बहुतेक भाग दिवसभरात बाहेर टाकतात.

आता गंमत पाहा. क्ष-किरण तपासणीत वापरले जाणारे आयोडीनयुक्त औषध दुबळ्या मूत्रपिंडांना बाधते, अशी धास्ती होती. त्या मानाने गॅडोलिनियम निर्धोक समजले जाई. साहजिकच मूत्रपिंडाचे रोगी मुद्दाम एम. आर. आय.कडे पाठवले जाऊ लागले. ज्यांच्या शरीरातून हे औषध लवकर बाहेर पडत नाही, नेमके त्यांनाच ते दिले गेले, आणि तेही चांगल्या हेतूने!

१९९७ पासून अमेरिकेत मूत्रपिंडाच्या काही रोग्यांची कातडी लाकडासारखी टणक होऊ लागली. सांधे आखडले, काही जणांना चालणे अशक्य झाले. २००० साली अशा १५ रोग्यांची हकीकत ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली, पण कारण कोणाला उमगले नाही. ते सुचवले ऑस्ट्रियातील टोमास ग्रोबनर या डॉक्टरांनी, २००६ मध्ये. त्यांच्याकडील ९ रोग्यांना गॅडोलिनियम दिले होते. त्यांपैकी ५ जणांना हा विकार जडला. त्याच वर्षी डेन्मार्कमधून अशाच १३ रोग्यांची माहिती आली. त्या सर्वांना गॅडोलिनियमचे एकच औषध मिळालेले होते.

मग मधली नऊ वर्षे गेली कुठे? याचे एक कारण दवाखान्याच्या रचनेतच आहे. रेडिऑलॉजिस्ट चित्र पाहतो, अहवाल लिहितो आणि पुढच्या चित्राकडे वळतो. विकार दिसू लागे आठवड्यांनी, कधी महिन्यांनी. तोवर रोगी त्वचारोगतज्ज्ञाच्या दारात. औषध देणाऱ्याला परिणाम दिसेना, परिणाम पाहणाऱ्याला औषध आठवेना! शिवाय २००६ चे ते दोन्ही लेख छापले गेले मूत्रपिंडतज्ज्ञांच्या नियतकालिकांत. समोर अहवालांचा ढीग पडलेला रेडिऑलॉजिस्ट स्वतःचीच नियतकालिके जेमतेम चाळणार. दुसऱ्यांची कधी उघडणार?

२००६ आणि २००७ मध्ये सरकारी इशारे निघाले. औषध देण्यापूर्वी मूत्रपिंडे तपासण्याची पद्धत पडली, मात्रा कमी झाल्या, धातूला वलयात घट्ट धरून ठेवणारी औषधे पुढे आली. नवे रोगी जवळजवळ दिसेनासे झाले. झाले, प्रकरण मिटले, असे तुम्ही म्हणाल. पण नाही! दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो. मूत्रपिंडाच्या रोग्याला गॅडोलिनियम द्यायचेच नाही, असा दंडक अनेक ठिकाणी पडला आणि गरजेच्या तपासण्याही अडल्या. अखेर अमेरिकेतील रेडिऑलॉजिस्टांच्या व मूत्रपिंडविषयक संस्थांनी २०२१ साली संयुक्त निवेदन प्रसिद्ध केले: नव्या, सुरक्षित गटातील औषधांचा धोका इतका अल्प आहे, की आवश्यक तपासणी त्यासाठी रोखू नये. म्हणजे २००५ चे ज्ञान घेऊन बसलेला डॉक्टर निष्काळजी ठरला, आणि २००७ चे घेऊन बसलेला फाजील सावध. दोघेही आपापल्या वेळी बरोबरच होते, बरं का!

मधल्या काळात आणखी एक भर पडली. वारंवार औषध घेतलेल्यांच्या मेंदूत गॅडोलिनियमचा अंश राहतो, असे जपानी डॉक्टरांच्या निरीक्षणांवरून २०१४ च्या सुमारास दिसू लागले. त्याने अपाय होतो असे सिद्ध झालेले नाही. तरी युरोपात २०१७ साली जुन्या धर्तीच्या काही औषधांचा वापर थांबवण्यात आला.

म्हणून मला वाटते, कामात बुडालेल्या रेडिऑलॉजिस्टने वाचनासाठी राखलेला अर्धा तास ही त्याची हौस समजू नये. तोही रोग्याच्या सेवेचाच भाग आहे. मूत्रपिंडतज्ज्ञांबरोबर अधूनमधून बसणे, तपासलेल्या रोग्याचे पुढे काय झाले ते विचारणे, हेही वाचनाइतकेच मोलाचे. त्यासाठी रुग्णालयांनी त्याला सवड दिली पाहिजे. आणि तुमचेही एक काम आहे. तपासणीला जाल तेव्हा मूत्रपिंडाचा विकार असल्यास आधी सांगा, पूर्वी असे औषध घेतले असल्यास तेही सांगा, आणि कोणते औषध देणार हे खुशाल विचारा. चांगला डॉक्टर अशा प्रश्नाने रागावत नाही.