उजेड कुठून येतो, हे आधी ठरवा

चित्रीकरण ‘सिनेमासारखं’ दिसावं म्हणून आज सगळ्यात आधी कॅमेऱ्याची चौकशी होते. आपल्या सिनेमाचा इतिहास मात्र वेगळं सांगतो. चित्राला सिनेमापण येतं ते उजेडाचा उगम नेमका ठरवण्यातून. १९५६च्या ‘अपराजितो’ या चित्रपटासाठी दिग्दर्शक सत्यजित राय यांना बनारसमधल्या घराचं अंगण हवं होतं. पावसाच्या धास्तीने त्याचा सेट उघड्यावर न उभारता कोलकात्याच्या स्टुडिओत उभारायचं ठरलं. छायालेखक सुब्रत मित्र यांनी हरकत घेतली. चहूबाजूंनी भिंती असलेल्या अंगणात उजेड आभाळातून झिरपतो, त्याला ठळक सावली नसते. दिवे थेट रोखले की एकाच माणसाच्या दोन-तीन सावल्या भिंतीवर पडणार. हरकत टिकली नाही, तेव्हा मित्र यांनी सेटवर आभाळाच्या जागी पांढरं कापड ताणलं आणि दिव्यांचा प्रकाश खालून त्यावर टाकला. कापडावरून परतलेला मऊ उजेड अंगणात उतरला. या पद्धतीचं, म्हणजे बाउन्स लाइटचं, श्रेय पुष्कळदा स्वीडनचे छायालेखक स्वेन निक्विस्ट यांच्या साठच्या दशकातल्या कामाला दिलं जातं. त्यांची थोरवी वादातीत आहे. पण मित्रांचं काम त्याआधीचं आहे, हे ठासून सांगायलाच हवं.

मऊ उजेड म्हणजेच सिनेमा, असा निष्कर्ष मात्र काढता येत नाही. तीनच वर्षांनी, ‘कागज़ के फूल’ या चित्रपटात छायालेखक व्ही. के. मूर्तींनी नेमकं उलट केलं. रिकाम्या स्टुडिओत त्यांना उन्हाची तिरीप हवी होती. दिव्याचा झोत पुढे जाताना फाकतो, सूर्यकिरण जवळजवळ समांतर येतात. म्हणून बाहेर मोठा आरसा लावून त्यांनी ऊन आत घेतलं आणि दुसऱ्या आरशाने ते खाली वळवलं. हा झोत नाटकी आहे, असा आक्षेप घेता येईल. तो नाटकी आहेच, पण खोटा नाही: त्याची धार उन्हाची आहे. मित्रांचा उजेड आणि मूर्तींचा उजेड एकमेकांच्या विरुद्ध टोकाला असूनही पहिला प्रश्न दोघांचा एकच होता: उजेड कुठून येतो? कोणी म्हणेल, आजचे कॅमेरे मेणबत्तीच्या उजेडातही चित्र टिपतात, मग हा खटाटोप कशाला? कॅमेऱ्याच्या संवेदनशीलतेने अंधाराची अडचण सुटते. चेहऱ्याची कुठली बाजू उजळायची, कुठली झाकायची, हे ती ठरवू शकत नाही. तो निर्णय माणसालाच घ्यावा लागतो, आणि त्यासाठी पांढरं कापड व आरसा आजही पुरतात. म्हणून छायालेखनाचं शिक्षण यंत्रांच्या यादीपासून नव्हे, मित्र आणि मूर्तींच्या कामापासून सुरू व्हायला हवं.