विद्युद्दाबाचा पहारेकरी

४ सप्टेंबर १८८२ रोजीं न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर एडिसनचें वीजकेंद्र सुरू झालें, तेव्हां सुमारें ४०० दिवे लागले. दिव्यांची संख्या बदलली कीं विजेचा दाब बदले. तो चढला तर दिव्याचें आयुष्य घटे. उतरला तर उजेड मंदावे. म्हणून तेथें एक विद्युच्चुंबक बसविला होता. दाब चढतांच त्याच्या योगानें तांबडा दिवा लागे, उतरतांच निळा. पुढचें काम मात्र माणसाचें. पहारेकऱ्यानें हातचाक फिरवून डायनामोच्या क्षेत्रवेटोळ्यांतील रोध कमीजास्त करावा, म्हणजे चुंबकत्व बदलून दाब ठिकाणावर येई. यंत्रानें सांगावें व माणसानें ऐकावें, अशी ही गमतीची वांटणी होती!

विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेंतील टिरिलच्या नियामकानें माणसाचा हातहि मोकळा केला. उत्तेजक डायनामोच्या रोधाला बगल देणारे संपर्कबिंदु त्यांत क्षणोक्षणीं जुळत व सुटत. ते किती वेळ जुळलेले राहत, त्यावर चुंबकत्वाची सरासरी ठरे.

तरीहि हस्तनियमन अडगळींत गेलें नाहीं. आजच्या मोठ्या जनित्रांतहि त्याची सोय ठेवितात. दाब मोजणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचा फ्यूज वितळला, तर स्वयंचलित नियामकाला दाब उतरल्याचा भास होतो व तो चुंबकत्व भलतेंच वाढवूं लागतो. अशा वेळीं नियमन हस्तपद्धतीवर वळवितात. मात्र तेथें फार काळ राहणें धोक्याचें. दूरच्या तारेवर बिघाड होऊन दाब कोसळला, तर जनित्र इतरांशीं जोडलेलें राहील कीं निसटेल, याचा निकाल बहुधा एकदोन सेकंदांत लागतो, आणि तेवढ्यांत माणसाचा हात चाकापर्यंत पोंचत नाहीं.