झिलईदार मृण्मूर्तीचे वय कसे ठरते?
धुळे : पांझरेपलीकडील देवपुरात एखाद्या घरी भंगलेली झिलईदार मृण्मूर्ती निघाली, की ती हजार वर्षांची ठरविण्याची घाई होते. प्रकाशे, बहाळ येथील उत्खननांत मिळालेली ताम्रपाषाणयुगीन भांडी मात्र रंगविलेली आहेत, झिलईची नव्हेत. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत १८७०च्या दशकात जॉर्ज टेरी यांनी अजिंठ्याच्या नक्षीची झिलईदार भांडी घडवून घेतली. अशा मूर्तीची तुलना प्रथम त्या काळाशी करावी.

जाणकार तुटलेली कड आधी पाहतात. मातीचा पोत, झिलईची जाडी, भेगेत मुरलेला मळ तेथेच दिसतो. गोंद लावला, मूर्ती धुतली, की हा पुरावा गेला. तापदीप्ती चाचणीतून मूर्ती शेवटची कधी भाजली, एवढेच कळते. वय शंभर वर्षे भरल्यास १९७२च्या कायद्यानुसार ती पुरावस्तू ठरते आणि खासगी व्यक्तीला परदेशी पाठविता येत नाही.