मिरजेतील तंतुवाद्यांची निगा आणि जवारीची विद्या

सांगली जिल्ह्यातील मिरजेच्या तंतुवाद्यांचा इतिहास सहसा सतार आणि तंबोरा घडवणाऱ्यांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. तथापि या व्यवसायाचे मूळ घडणीपेक्षा दुरुस्तीत आहे, आणि ही गोष्ट लक्षात घेतल्याशिवाय मिरजेच्या वाद्यांना मिळालेल्या लौकिकाचा उलगडा होत नाही. सतारमेकर म्हणून आज ओळखल्या जाणाऱ्या घराण्यांचे पूर्वज शिकलगार होते. शिकलगार म्हणजे तलवारी, भाले, कट्यारी यांवरचा गंज काढून त्यांना सहाणेवर धार लावणारा आणि पात्याला झिलई देणारा कारागीर. 1818 मध्ये पेशवाई संपली, 1848 मध्ये साताऱ्याचे राज्य खालसा झाले आणि पुढे 1878 च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय शस्त्र बाळगण्यास बंदी आली. या साठ वर्षांत सातारा-सांगलीच्या मुलखात शस्त्रांची निगा राखण्याचे काम जवळजवळ संपुष्टात आले. पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयामुळे मिरजेत गवयांचा राबता मात्र कायम होता, आणि त्यांची नादुरुस्त वाद्ये याच कसबी हातांकडे येऊ लागली. फरीदसाहेब शिकलगार यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास अशा दुरुस्तीतून वाद्यनिर्मितीकडे पाऊल टाकले, असे मिरजेची परंपरा सांगते.

शस्त्रावरून वाद्याकडे झालेले हे स्थित्यंतर वरवर विचित्र वाटले, तरी त्यामागे कौशल्याचे सातत्य आहे. पात्याचा पृष्ठभाग बोटांनी चाचपून त्यातील उंचसखलपणा ओळखणे आणि नेमका तेवढाच भाग घासून काढणे हे शिकलगाराचे कसब जवारीच्या कामात जसेच्या तसे उपयोगी पडते. तंबोऱ्याच्या तबलीवर, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावर बसवलेल्या लाकडी फळीवर, जी रुंद घोडी असते तिच्यावरून तारा जातात. घोडीचा माथा अगदी सपाट नसतो, त्याला डोळ्यांना जेमतेम जाणवेल इतका उतार दिलेला असतो, आणि छेडलेली तार कंप पावताना त्या उतारावर हलकेच टेकत-सुटत राहते. या उताराची नेमकी घासणी म्हणजे जवारी. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा धागा सरकवून जवारीचा योग्य बिंदू शोधला जातो, आणि तो सापडताच तारेचा मूळ स्वर अनेक स्वरांशांनी भरून येतो. खर्जाच्या तारेतून गवयांना ऐकू येणारा स्वयंभू गंधार हा त्यांपैकीच एक. भौतिकशास्त्रज्ञ चंद्रशेखर व्यंकट रमण यांनी 1921 मध्ये भारतीय तंतुवाद्यांवरील आपल्या निबंधात दाखवून दिले की, तार जेथे छेडली जाते त्या ठिकाणी ज्या स्वरांशाचा स्थिरबिंदू पडतो, तो स्वरांश प्रचलित नियमानुसार ऐकू येऊ नये, आणि तरीही तंबोऱ्यात तो स्पष्ट ऐकू येतो. याचे श्रेय त्यांनी घोडीच्या या घडणीलाच दिले.

मात्र जवारी एकदा लावली की कायमची टिकली, असे होत नाही. पोलादी आणि पितळी तारा रोजच्या वापराने घोडीवर बारीक चरे पाडतात, त्यामुळे नाद कोता होतो, आणि मग तारा उतरवून, कानशीने व पॉलिश पेपरने माथा पुन्हा घासून, तारा चढवून, कान देऊन, पुन्हा उतरवून हे काम करावे लागते. एखादा फेर जास्त घासला गेला तर घोडीचे गेलेले हाड किंवा लाकूड परत येत नाही. म्हणून या कामात घाईला थारा नाही. वाद्याची इतर निगा त्या मानाने सोपी आहे: वादनानंतर घामाने तारा गंजू नयेत म्हणून त्या कोरड्या फडक्याने पुसणे, लाखेच्या पॉलिशला पाणी लागू न देणे, पावसाळ्यात फुगणाऱ्या आणि उन्हाळ्यात सैल पडणाऱ्या खुंट्यांना खडू लावणे, आणि वाद्य गवसणीत घालून उन्हापासून दूर ठेवणे. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतात वाढतो आणि वाळल्यावर काचेसारखा ठिसूळ होतो, त्यामुळे त्याला धक्क्यापासून जपणे हे सर्वांत महत्त्वाचे.

तंबोऱ्याच्या नादाची ही विद्या कारागिरांपुरती मर्यादित राहिली नाही. मिरजेत स्थायिक झालेले गायक अब्दुल करीम खाँ (1872–1937) यांचा तंबोरा सुरेल लावण्याबाबतचा काटेकोरपणा प्रसिद्ध आहे, आणि सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांच्या श्रुतिसंशोधनालाही खाँसाहेबांच्या गळ्याचे व कानाचे साहाय्य लाभले होते. देवलांचा बावीस श्रुतींवरील ग्रंथ 1910 मध्ये निघाला. सातारा जिल्ह्यातील औंधच्या संगीत महोत्सवात, जो 1940 मध्ये सुरू झाला, किंवा मिरजेच्या दर्ग्यातील उरसाच्या मैफलीत गवयाच्या मागे दोन तंबोरे एकजीव वाजतात तेव्हा त्यामागे कुणीतरी आधी केलेली घासणी असते; मैफल सुरू झाल्यावर धागा पुढेमागे करण्यापलीकडे जवारीत काहीही बदल करता येत नाही.

2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, ही गौरवाची बाब आहे. तथापि असे मानांकन वस्तूला मिळते, तिची निगा राखणाऱ्या हाताला नाही. म्हणून ज्यांच्या घरी जुना तंबोरा गवसणीत पडून आहे, त्यांनी तो एकदा मिरजेच्या सतारमेकर गल्लीत न्यावा आणि जवारी लावली जात असताना शेजारी बसून ते काम पाहावे. अभ्यासकांनीही वाद्य घडवणाऱ्यांच्या बरोबरीने जवारी लावणाऱ्यांच्या कामाची नोंद आताच करून ठेवणे निकडीचे आहे.