सीप्झच्या फाटकाआतलं देऊळ

"आठवणी सगळेच लिहिणार आहेत, तू काहीतरी माहितीचं लिही," असा संपादक मंडळाचा हुकूम आला. म्हणून आपल्याच भागातल्या एका सणाविषयी लिहिते. दहा वर्षं आपण या परिसरात शाळेत गेलो, पुढे मी काही वर्षं सीप्झमध्ये नोकरीही केली, आणि तरी या सणाची मला नीट ओळख झाली ती चाळिशी उलटल्यावर.

सीप्झच्या आवारात, कंपन्यांच्या काचेच्या इमारतींच्या मधोमध, एक पडकं चर्च आहे. छप्पर नाही, पण दर्शनी भिंत अजून उभी आहे. जेवणाच्या सुट्टीत आम्ही तिकडे पाय मोकळे करायला जायचो. तिथे भूत आहे, एवढीच माहिती एकमेकांना द्यायचो. इंजिनीअर मंडळींचं इतिहासाचं ज्ञान तेवढंच!

ते चर्च १५७९ सालचं. १५३४ च्या तहाने वसई आणि साष्टी पोर्तुगीजांकडे गेली, आणि पुढच्या काही दशकांत जेझुइट धर्मगुरूंनी या बाजूच्या गावांत चर्चेस उभारली. कोंडिविटे गावातलं हे चर्च संत योहान बाप्तिस्ताच्या नावाने, त्याच्याच सणाला, म्हणजे २४ जूनला, खुलं झालं. फादर मानुएल गोमेस हे तिथले पहिले धर्मगुरू. आपली सहल महाकाली गुंफांना गेली होती, आठवतं? तीच कोंडिविट्याची लेणी. त्या टेकडीवर बौद्ध भिक्षू राहून गेले, नंतर खाली चर्च आलं.

१७३९ पर्यंत साष्टी मराठ्यांकडे आली, १७७४ मध्ये इंग्रजांकडे गेली. राज्यं बदलली, पण भात लावणारे लोक तेच राहिले आणि घरात बोलायची भाषाही मराठीच राहिली. मग १८४० मध्ये गावात साथ आली. लोक कोंडिविटे सोडून मरोळला गेले, आणि जाताना वेदी, मूर्ती, बाप्तिस्म्याचं पात्र असं देवळातलं जे हलवता येईल ते बरोबर घेऊन गेले. (हे लोक चर्चला देऊळच म्हणतात. मलाही आता तोच शब्द बरा वाटतो.) मागे राहिल्या भिंती. पुढे १९७३ मध्ये निर्यातीसाठी सीप्झ उभं राहिलं तेव्हा त्या भिंती कुंपणाच्या आत गेल्या.

'ईस्ट इंडियन' हे नाव तसं अलीकडचं, १८८७ चं. गोवा-मंगळूरहून नोकरीसाठी मुंबईत आलेल्या ख्रिस्ती लोकांहून आपण वेगळे, इथलेच, कंपनी सरकारची जुनी प्रजा, हे दाखवण्यासाठी व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी त्यांनी ते घेतलं. गंमत अशी, की पश्चिम किनाऱ्यावरचे हे मराठी बोलणारे लोक नावाने मात्र 'पूर्वेचे' झाले.

यांचा मोठा सण आगेरा. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी भाताच्या नव्या लोंब्या वाजतगाजत देवळात आणतात. बायका लुगडी नेसतात, पुढे ब्रास बँड असतो, कुठे घुमट वाजतं. फादर पेंढ्यांना आशीर्वाद देतात, आणि मग प्रत्येक घरी चार लोंब्या जातात. आगेरा हा शब्द शेत या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला असं म्हणतात. आपल्या वर्गातल्या एका मैत्रिणीच्या घरी (नाव लिहायला तिची परवानगी नाही, पण डब्यात फुगे आणायची ती, म्हणजे ओळखालच) मी पहिल्यांदा त्या लोंब्या पाहिल्या. तिच्या आजीने त्या कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवल्या होत्या. मी म्हटलं, "आमच्याकडे दसऱ्याला दारावर बांधतात तसंच 'नवं'!" आजी म्हणाली, "तसंच म्हणजे काय, तेच ते. पाऊस काय दोन वेगळे पडतात?"

आता ज्या भातासाठी हा सण, ते भात कुठे आहे? मरोळ, सहार, चकाला ही सगळी गावं. कुठे विमानतळ आला, कुठे एमआयडीसी आली. कौलारू घरांची गावठाणं तेवढी इमारतींच्या मध्ये कशीबशी टिकून आहेत. मैत्रिणीकडे लोंब्या हल्ली विरारपलीकडच्या नातेवाइकांकडून येतात. एका वर्षी तिने गच्चीतल्या टबात भात लावलं होतं. मूठभरच आलं, पण आगेऱ्याला तेच नेलं. शेत गेल्यावर सण आपोआप बंद पडायला हवा होता, असं माझ्यातल्या हिशेबी माणसाला वाटतं. घडलं उलटंच. शेती करणारा कुणी उरला नाही आणि आगेऱ्याची मिरवणूक मात्र चालू आहे, कारण 'ही जमीन आमची होती' हे वर्षातून एकदा मोठ्याने सांगायला दुसरी जागा उरलेली नाही.

पडक्या देवळाचंही असंच. मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी तिथे मिस्सा होते. त्या दिवशी कोंडिविट्याहून उठून गेलेल्या लोकांचे वंशज जुन्या भिंतींमध्ये जमतात. खरा सण जूनचा, मग मिस्सा मेमध्ये का? छप्पर नसलेल्या देवळात पावसाळ्यात बसणार कसं, हे कारण असावं असा माझा अंदाज. तोच काळ बॉटल मसाल्याचाही. वीसहून जास्त जिन्नस भाजून, कुटून बायका वर्षाचा मसाला काळपट बाटल्यांत ठासून भरतात, त्यामुळे गावठाणातून निघालं की मिस्सेपर्यंत नाकात मिरचीची धग असते.

मैत्रीण मला एका वर्षी घेऊन गेली. सीप्झमध्ये ओळखपत्राशिवाय कुणाला सोडत नाहीत. माझं ओळखपत्र नोकरी सोडताना परत केलेलं. फाटकावरच्या माणसाने सवयीने विचारलं, "कुठल्या कंपनीच्या?"

मैत्रीण माझा हात धरून पुढे होत म्हणाली, "गावच्या."

आत जुन्या गावचे लोक एकमेकांना 'कुणाची गो तू?' असं विचारत होते, अगदी लग्नात विचारतात तसं. ज्या भिंतीला टेकून मी चहा प्यायचे, तिथे एक म्हातारे गृहस्थ आपल्या नातवाला खापरपणजोबांचं घर कुठल्या बाजूला असेल ते हाताने दाखवत होते. हात रोखला होता तो एका कंपनीच्या पार्किंगकडे.

येत्या मे महिन्यात मैत्रीण पुन्हा जाणार आहे. कुणाला यायचं असेल तर ग्रुपवर आधी कळवा. टोपी आणि पाणी बरोबर ठेवा, सावली फारशी नाही.