घोड्याचा घास आणि कोरडा एप्रिल

मागच्या काही भागांत किल्ले आणि लढाया झाल्या. आज विषय वैरणीचा.

लढाईच्या पुस्तकांत वैरणीला स्वतंत्र प्रकरण क्वचितच मिळते. पण हिशेब करून बघा. एका घोड्याला दिवसाला सात-आठ किलो सुकी वैरण धरली, तर दहा हजार घोड्यांना रोज सत्तर-ऐंशी टन लागणार. दाणा वेगळा, पाणी वेगळे. ही वैरण बैलांवर लादून न्यावी म्हटले, तर त्या बैलांनाही खायला हवेच. शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळच्या छावणीतल्या अंमलदारांना लिहिलेले पत्र आपल्याला रयतेच्या भाजीच्या देठामुळे आठवते. पण त्या पत्राचे मूळ दुखणे दाणा-वैरणीचे आहे. जमवलेला साठा आताच मनमानेल तसा खर्च केलात तर पावसाळ्यात घोडी मरतील, आणि मग तुम्ही रयतेच्या मागे लागाल, असा त्याचा रोख आहे. पुरवठ्याचे काम केलेल्या माणसाला हे पत्र वाचताना महाराज फार जवळचे वाटतात.

मी निवृत्तीनंतर आनेकलला राहतो. बंगळूरच्या दक्षिणेला, तमिळनाडूच्या हद्दीला लागून. कन्नडमध्ये आनेकल्लु म्हणजे पावसात पडते ती गार. नाव गारांचे, पण उन्हाळ्यात विहिरींना कोरड. याच टापूत १७९१ साली वैरणीने एक मोहीम बुडवली. कॉर्नवॉलिसने मार्चमध्ये बंगळूर घेतले आणि मे महिन्यात तो श्रीरंगपट्टणवर गेला. १५ मेला अरकेरेला लढाई जिंकलीही. पण टिपूने वाटेवरचा मुलूख मोकळा करून ठेवला होता. बैल उपाशी मेले, मोठ्या तोफा ओढायला जनावरे उरली नाहीत, आणि त्या तोफा स्वतःच निकामी करून इंग्रजांना मागे फिरावे लागले. परतीच्या वाटेवर त्यांना हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांची मराठी फौज भेटली. टिपूच्या स्वारांनी जासूद अडवल्यामुळे मराठे इतके जवळ आल्याचा कॉर्नवॉलिसला पत्ताच नव्हता. उपाशी इंग्रजी फौजेला मराठ्यांच्या बाजारात धान्य मिळाले, अर्थात चढ्या भावाने. पुढे जुलैत कंपनीने इथून जवळचे होसूरही घेतले.

घोडदळाला म्हणूनच असे पीक हवे असते, जे एकदा पेरले की वर्षानुवर्षे कापता येईल. आपला लसूणघास तसा आहे. नगरकडे त्याला नुसता घास म्हणतात. प्लिनी सांगतो की दारियसच्या स्वाऱ्यांबरोबर हे पीक मीडियातून ग्रीसमध्ये आले. त्याच्या शास्त्रीय नावात, मेडिकागोमध्ये, तो मीडिया अजून आहे. चीनच्या हान दरबाराच्या दूतांनी फरगाण्याकडून त्याचे बी नेले, कारण तिकडचे घोडे ते खात. आमच्या शेजारच्या तमिळ मुलखात त्याचे नाव आहे कुदिरै मसाल. कुदिरै म्हणजे घोडा. होसूरजवळ मत्तिगिरीला एकेकाळी सैन्याच्या घोड्यांचा डेपो होता. तिथे आता सरकारी गुरांचे फार्म आहे, घासाच्या नावात घोडा मात्र राहिला.

आता दुष्काळाचे. हा घास कोरड्यात टिकतो याचे पहिले कारण सोटमूळ. खोल, भुसभुशीत जमीन मिळाली तर ते दोन-तीन मीटर सहज जाते, कधी त्याहून खोल. वरचा थर सुकला तरी खालची ओल त्याच्या हाती असते. तीही संपत आली की पानांवरची रंध्रे मिटतात, वाढ थांबते, पाने गळतात, आणि जीव जमिनीलगतच्या बुडख्यात जातो. बुडख्यात आणि मुळात साठवलेल्या अन्नावर डोळे तग धरतात. पाऊस पडला की तिथूनच नवे फुटवे. फौज उघड्या मैदानातून हटून गडावर बसते, तसे हे आहे.

पण जगणे वेगळे आणि चारा देणे वेगळे. अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये ब्रिग्ज आणि शान्त्झ यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात पिकांच्या पाण्याचा हिशेब मोजला. एक किलो सुका चारा तयार करायला लसूणघासाला ज्वारीच्या दुपटीहून अधिक पाणी लागते, असे त्यात निघाले. म्हणजे हा घास काटकसरी नाही, फक्त चिवट आहे. काटकसर ज्वारीची आणि नाचणीची.

आमच्या शेजारच्या अण्णांकडे दोन संकरित गाई आहेत आणि अर्धा एकर घास. एका एप्रिलमध्ये त्यांची बोअर दिवसाला जेमतेम तासभर चालू लागली. घास पिवळा पडला. ते म्हणाले, ‘‘सर, नांगरून टाकू का?’’ गाई विकायचा विचारही डोक्यात होता. मी म्हटले, पाणी गाईंना पाजा, घास मुळीच कापू नका, आणि थांबा. उपाशी बुडख्याला कापले तर तो साठवण खर्चून फुटवा काढतो आणि मग पाण्यावाचून मरतो. तोवर गाईंनी नाचणीचा पेंढा खाल्ला. दूध निम्म्यावर आले. मे महिन्यात दोन वळीव झाले आणि खालच्या बाजूच्या वाफ्यांत आठवड्यात हिरवे फुटवे दिसले. वरच्या बाजूला, जिथे हातभर लाल मातीखाली सरळ खडक आहे, तिथला घास मेला. मुळाला जायला जागाच नव्हती.

तिथे अण्णांनी जूनमध्ये नाचणी पेरली. गाई दोन्ही आहेत. बोअरवर मात्र अजून भरवसा नाही. पुढच्या भागात म्हैसूरच्या अमृतमहाल बैलांविषयी बोलू. या जातीचे बैल तोफा ओढत, आणि त्यांच्यासाठी ऋतूप्रमाणे राखून ठेवलेली कुरणे असत.