एटीव्ही विंचचा कृत्रिम दोर

एटीव्ही विंचचा कृत्रिम दोर म्हणजे ऑल-टेरेन व्हेइकल (एटीव्ही) या हलक्या चारचाकी वाहनाच्या विंचवर पोलादी दोराऐवजी गुंडाळला जाणारा, कृत्रिम तंतूंपासून विणलेला दोर होय. कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांत हिवाळ्यात एटीव्हीच्या पुढे पाते बसवून घरासमोरचे व शेतावरचे रस्ते बर्फापासून मोकळे केले जातात. हे पाते उचलण्याचे व खाली सोडण्याचे काम विंच करते. या कामात पोलादी दोर वारंवार तुटत असल्याने त्याऐवजी कृत्रिम दोर वापरण्याची पद्धत रूढ झाली आहे. दोर तुटण्याचे कारण मात्र बहुधा पात्याचे वजन नसते. दोर एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकणे आणि पाते वर टेकल्यानंतरही विंच चालू राहणे ही त्याची मुख्य कारणे होत. त्यामुळे केवळ दोराचे द्रव्य बदलल्याने हा दोष पूर्णपणे नाहीसा होत नाही.

पार्श्वभूमी

होंडा या जपानी कंपनीने १९७० मध्ये तीनचाकी एटीव्ही अमेरिकी बाजारात आणली. १९८० च्या दशकाच्या आरंभी सुझुकी कंपनीची चारचाकी एटीव्ही विक्रीस आली आणि पुढे चारचाकी रचनाच सर्वत्र स्वीकारली गेली. या वाहनांच्या पुढील भागात बसवला जाणारा विंच १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. त्याची ओढण्याची क्षमता सामान्यतः २,५०० ते ३,५०० पौंड, म्हणजे सुमारे १,१३० ते १,५९० किलो असते. चिखलात किंवा बर्फात रुतलेले वाहन बाहेर काढणे हा त्याचा मूळ उद्देश आहे. त्यासाठी ड्रमवर सुमारे १५ मीटर दोर गुंडाळलेला असतो.

बर्फ ढकलण्याचे पाते साधारणतः १.२ ते १.५ मीटर रुंद असते. ते दोन दांड्यांच्या साहाय्याने वाहनाच्या तळाशी बिजागरीसारखे जोडलेले असते. विंचचा दोर फेअरलीडमधून, म्हणजे दोराला दिशा देणाऱ्या चौकटीतून, खाली येऊन पात्याच्या चौकटीला अडकवला जातो. प्रत्येक फेरीच्या शेवटी पाते उचलावे लागते, वाहन मागे घ्यावे लागते आणि पाते पुन्हा खाली सोडावे लागते. एका हिमवर्षावानंतरच्या कामात हा क्रम शेकडो वेळा घडू शकतो. अशा वेळी दोर तुटल्यास पाते जमिनीवर पडून राहते आणि काम थांबते. रस्ता मोकळा नसल्यास रुग्णवाहिका किंवा अग्निशामक वाहन घरापर्यंत पोहोचू शकत नाही. म्हणून दूरवरच्या वस्त्यांत हा बिघाड केवळ गैरसोयीचा राहत नाही.

पोलादी दोर तुटण्याची कारणे

या विंचवरील पोलादी दोर बहुधा ३/१६ इंच, म्हणजे सुमारे ४.८ मिलिमीटर जाडीचा असतो. त्याच्या प्रचलित रचनेत ७ पेड असतात आणि प्रत्येक पेडात १९ बारीक तारा असतात. अशा दोराचा तुटण्याचा भार सुमारे १,९०० किलो असतो. पात्याचे वजन याच्या तुलनेत अगदी अल्प असते. तरीही दोर तुटतो, याची कारणे पुढीलप्रमाणे आहेत.

१. धातुश्रांती : ड्रमचा व्यास सुमारे ५ सेंटिमीटर असतो आणि फेअरलीडचे रोलर त्याहूनही बारीक असतात. इतक्या लहान वळणावर दोर वाकला की बाहेरच्या तारांवर मोठा ताण येतो. वाहन ओढताना दोराचा निरनिराळा भाग वळणावरून जातो. पाते उचलताना मात्र तोच काही सेंटिमीटरचा भाग प्रत्येक वेळी वाकतो. तेथे एकेक तार तुटत जाते आणि अखेरीस संपूर्ण दोर तुटतो.

२. अतिओढ : पाते पूर्ण वर येऊन चौकटीला किंवा फेअरलीडला टेकल्यानंतरही बटण दाबलेले राहिले, तर विंच आपली पूर्ण ताकद लावतो. ड्रमवरील पहिल्या थरात ही ताकद सर्वाधिक असते. आधीच क्षीण झालेला दोर अशा वेळी तुटतो.

३. धक्के : पाते उचललेले असताना ड्रमबाहेर दोराची लांबी फारच थोडी उरते. खडबडीत जागेवरून वाहन वेगाने नेल्यास पाते उसळते आणि प्रत्येक उसळीचा झटका या आखूड दोरावर येतो.

४. गंज : रस्त्यावर टाकलेले मीठ आणि वितळलेल्या बर्फाचे पाणी यांमुळे तारा आतून गंजतात.

द्रव्य व गुणधर्म

कृत्रिम विंच दोर प्रामुख्याने अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलीनच्या तंतूंपासून बनवतात. नेदरलँड्समधील डीएसएम या कंपनीने असे तंतू काढण्याची जेल-कताईची पद्धत विकसित केली. या तंतूंचे व्यापारी उत्पादन १९९० मध्ये ‘डायनीमा’ या नावाने सुरू झाले. अमेरिकेत याच प्रकारचे तंतू ‘स्पेक्ट्रा’ या नावाने ओळखले जातात. विंचसाठी बहुधा १२ पेडांचा पोकळ विणीचा दोर वापरतात.

३/१६ इंच जाडीच्या चांगल्या प्रतीच्या कृत्रिम दोराचा तुटण्याचा भार सुमारे २,४०० किलो, म्हणजे तेवढ्याच जाडीच्या पोलादी दोरापेक्षा अधिक असतो. १५ मीटर लांबीच्या पोलादी दोराचे वजन जवळजवळ दीड किलो भरते, तर तितक्याच कृत्रिम दोराचे पाव किलोच्या आत असते. या तंतूंची घनता पाण्यापेक्षा कमी असल्याने दोर पाण्यावर तरंगतो. तो गंजत नाही, आणि तुटलेल्या तारांची टोके हाताला लागण्याचा धोकाही त्यात नसतो. लहान वळणावर वारंवार वाकणे तो पोलादापेक्षा चांगले सहन करतो. पाते उचलण्याच्या कामात हाच त्याचा मुख्य लाभ आहे.

या दोराच्या उणिवाही आहेत. सुमारे १४५ अंश सेल्सिअसला हे तंतू वितळतात आणि ७० अंशांच्या पुढे त्यांचे बळ लक्षणीयरीत्या घटते. काही विंचमध्ये ब्रेक ड्रमच्या आत असतो. दीर्घकाळ भार खाली सोडताना तो तापतो आणि त्याची उष्णता दोराला लागते. धारदार कडा, वाळू आणि सूर्यप्रकाशातील अतिनील किरण यांमुळेही दोर झिजतो. नायलॉनच्या दोरासारखा तो ताणला जात नाही. त्यामुळे आखूड दोरावर येणारे झटके तो शोषून घेईल ही अपेक्षा चुकीची ठरते.

दोर बदलण्याची पद्धत

प्रथम पाते जमिनीवर टेकवून दोरावरील ताण काढला जातो. त्यानंतर विंच मोकळा करून जुना दोर पूर्ण उलगडतात आणि ड्रमवरील त्याचे टोक सोडवतात. पोलादी दोरामुळे ड्रमवर, रोलरवर आणि फेअरलीडच्या कडांवर चरे व खरबरीत कंगोरे पडलेले असतात. ते कानशीने व पॉलिश कागदाने गुळगुळीत करणे किंवा तो भाग बदलणे आवश्यक असते. ही पायरी वगळल्यास नवा दोर थोड्याच दिवसांत कापला जातो.

वाहन ओढण्यासाठी कृत्रिम दोराबरोबर ॲल्युमिनियमचा गुळगुळीत, रोलर नसलेला फेअरलीड वापरण्याचा प्रघात आहे. पात्याच्या कामात मात्र दोर तीव्र कोनात खाली वळतो आणि स्थिर कडेवर सतत घासला जातो. म्हणून या कामासाठी निर्दोष व सहज फिरणारे रोलरही वापरले जातात.

नवा दोर मूळ दोराच्याच दिशेने गुंडाळावा लागतो. विंचचा ब्रेक एकाच दिशेने भार धरण्यासाठी बनवलेला असल्याने, उलट दिशेने गुंडाळल्यास पाते वर टिकून राहीलच असे नाही. ड्रमवरील खिळ किंवा स्क्रू दोराचे टोक केवळ जागेवर ठेवतो. भार पेलते ते वेढ्यांचे घर्षण. पोलादी दोराचे किमान ५ वेढे ड्रमवर ठेवण्याची शिफारस केली जाते. कृत्रिम दोर निसरडा असल्याने त्याचे ८ ते १० वेढे ठेवतात. पहिला थर ताण देऊन घट्ट व ओळीने गुंडाळला जातो, अन्यथा वरचा वेढा खालच्या सैल वेढ्यांत रुतून अडकतो.

पात्यासाठी पूर्ण लांबीचा दोर लागत नाही. ५ सेंटिमीटर व्यासाच्या ड्रमवर १० वेढ्यांना सुमारे १.६ मीटर दोर लागतो. पात्यापर्यंतचे अंतर धरून एकूण अडीच ते तीन मीटर दोर पुरतो. असा आखूड दोर एकाच थरात राहतो, रुतत नाही आणि खराब झाल्यास अल्प खर्चात बदलता येतो. मात्र रुतलेले वाहन ओढण्यास तो अपुरा पडतो. त्यासाठी जोडदोर बरोबर ठेवावा लागतो.

पात्याकडील टोकाला गाठ मारणे अयोग्य समजतात. हे तंतू निसरडे असल्याने गाठ सरकते, आणि गाठीत दोराचे निम्मे किंवा त्याहून अधिक बळ नष्ट होते. त्याऐवजी धातूच्या थिंबलभोवती दोर वळवून त्याचे टोक पोकळ विणीच्या आत शिरवतात. आत शिरवलेला भाग दोराच्या जाडीच्या सुमारे ७२ पट, म्हणजे या दोरात साधारण ३५ सेंटिमीटर, ठेवला जातो. योग्य रीतीने केलेला असा जोड दोराचे बहुतांश बळ टिकवतो.

वापर व देखभाल

पाते टेकण्यापूर्वीच बटण सोडणे हा दोर टिकवण्याचा सर्वांत प्रभावी उपाय आहे. त्यासाठी दोरावर रंगाची खूण करतात किंवा ठरावीक उंचीला विंच आपोआप बंद करणारा स्विच बसवतात. काही वापरकर्ते दोर व पाते यांच्यामध्ये एक आखूड पट्टा जोडतात. वारंवार वाकण्याची झीज पट्ट्यावर येते आणि दोर वाचतो. उचललेले पाते घेऊन जाताना वाहन सावकाश चालवले जाते.

पॉलिएथिलीनचे तंतू पाणी शोषत नाहीत, परंतु पेडांमध्ये साचलेले पाणी गोठते. त्यामुळे दोर ताठर होतो, ड्रमवरील वेढे एकमेकांना चिकटतात आणि बर्फाचे स्फटिक तंतूंना घासतात. काम संपल्यावर दोर कोरडा करणे, शक्य असल्यास वाहन छपराखाली ठेवणे आणि हंगामाअखेरीस दोर स्वच्छ पाण्याने धुऊन त्यातील मीठ व वाळू काढणे हितावह असते. पेड तुटलेला, वितळून चकाकणारा किंवा एखाद्या जागी बारीक झालेला दोर बाद केला जातो.

सुरक्षितता

वजनाने हलका असल्याने कृत्रिम दोर तुटल्यावर पोलादी दोराच्या तुलनेत कमी जोराने उसळतो. तरीही त्याला जोडलेला हुक दूर फेकला जाऊ शकतो. म्हणून ताणलेल्या दोराच्या रेषेत कोणी उभे राहू नये, हा नियम दोन्ही प्रकारच्या दोरांना लागू आहे. पोलादी दोर हाताळताना जाड चामडी हातमोजे आवश्यक असतात. फिरत्या ड्रमजवळ किंवा फेअरलीडच्या तोंडाशी हात नेणे दोन्ही बाबतींत धोक्याचे आहे. केवळ विंचच्या आधारे उचललेल्या पात्याखाली दुरुस्ती केली जात नाही. त्याआधी पाते खाली उतरवतात किंवा त्याला भक्कम टेकू देतात.